विश्लेषण : वऱ्हाडातील दोन मिनिटांचा अंधार आणि ॲनी मॉन्डर यांचा छोटा कॅमेरा

२२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या, शनिवार. भर दुपारी वऱ्हाडातील तळणी या छोट्या रेल्वे स्थानकाच्या परिसरात जेमतेम दोन मिनिटे अंधार पडला. त्या दोन मिनिटांत इंग्लंडहून आलेल्या एका महिलेने हाताएवढ्या कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडळाचे असे छायाचित्र घेतले, की त्या ग्रहणासाठी भारतात आलेल्या मोठ्या वेधशाळांच्या दुर्बिणीही त्यापुढे तोकड्या पडल्या. ही महिला कोणत्याही वेधशाळेच्या नोकरीत नव्हती. तिची नोकरी दोनच वर्षांपूर्वी, लग्न केले म्हणून सुटली होती. ॲनी मॉन्डर यांचे नाव आज सूर्याच्या अभ्यासात आदराने घेतले जाते. त्या कोण होत्या, वऱ्हाडात का आल्या आणि त्यांना श्रेय मिळायला इतका उशीर का झाला, याचा हा आढावा.

ॲनी मॉन्डर कोण होत्या?

लग्नापूर्वीचे नाव ॲनी स्कॉट डिल रसेल. जन्म १४ एप्रिल १८६८, उत्तर आयर्लंडमधील स्ट्रबेन या गावी. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मगुरू होते. घरात पैसा बेताचा, पण मुलींनी शिकावे असे वातावरण होते. योगायोग असा, की ॲनी चार महिन्यांच्या असताना, १८ ऑगस्ट १८६८ रोजी आपल्या कोकणातील विजयदुर्गावरून खग्रास सूर्यग्रहण दिसले. हेलियम या मूलद्रव्याच्या शोधाशी जोडले जाते ते हेच ग्रहण. पुढे तीस वर्षांनी याच भूमीवर पडलेल्या चंद्राच्या सावलीत ॲनी स्वतः उभ्या राहणार होत्या.

बेलफास्टमध्ये शालेय शिक्षण घेऊन ॲनी शिष्यवृत्तीच्या जोरावर केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात दाखल झाल्या. १८८९ मध्ये त्यांनी गणिताची ट्रायपॉस परीक्षा दिली. त्या वर्षी गर्टनच्या विद्यार्थिनींमध्ये गणितात त्या पहिल्या होत्या. तरीही त्यांना पदवी मिळाली नाही. महिलांना वर्गात बसण्याची, परीक्षा देण्याची मुभा होती, पदवी मात्र फक्त पुरुषांना दिली जात असे. केंब्रिजने हा नियम बदलून महिलांना पूर्ण पदवी दिली ती १९४८ मध्ये. ॲनी यांचे निधन १९४७ मध्ये झाले. त्यामुळे पदवीचा कागद त्यांच्या हाती कधीच आला नाही.

ग्रीनिचमधील नोकरी कशी होती?

शिक्षणानंतर वर्षभर जर्सी बेटावरील मुलींच्या शाळेत गणित शिकवून ॲनी १ सप्टेंबर १८९१ रोजी ग्रीनिचच्या रॉयल ऑब्झर्व्हेटरीत रुजू झाल्या. पदाचे नाव होते ‘लेडी कॉम्प्युटर’. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे यंत्र नव्हे, तर आकडेमोड करणारा माणूस. पगार महिन्याला ४ पौंड. शाळेत त्यांना याहून जास्त मिळत होते. खगोलशास्त्राच्या ओढीने त्यांनी कमी पगार पत्करला.

त्यांची नेमणूक सौर विभागात झाली. या विभागाचे प्रमुख होते एडवर्ड वॉल्टर मॉन्डर. आकाश निरभ्र असेल त्या प्रत्येक दिवशी सूर्याचे छायाचित्र घ्यायचे, प्लेट धुऊन तयार करायची आणि त्यावरील प्रत्येक सौरडागाची जागा व आकार मोजून वहीत नोंदवायचा, असे हे काम. सौरडाग म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागावरील तुलनेने थंड आणि म्हणून काळपट दिसणारे भाग. त्यांची संख्या साधारण ११ वर्षांच्या चक्रात कमी-जास्त होते. एका दिवसाच्या मोजमापातून काही कळत नाही, शेकडो दिवसांच्या नोंदी शेजारी ठेवल्या तर सूर्याची चाल दिसते. रोजच्या या कामातून ॲनी यांची नजर तयार झाली.

मग नोकरी का सुटली?

२८ डिसेंबर १८९५ रोजी ॲनी आणि वॉल्टर यांचे लग्न झाले. वॉल्टर त्यांच्यापेक्षा १७ वर्षांनी मोठे आणि विधुर होते. पहिल्या लग्नाची मुले घरात होती. त्या काळी ब्रिटिश सरकारी सेवेतील महिलेला लग्न झाल्यावर पद सोडावे लागे. ॲनी यांनाही ते सोडावे लागले. वॉल्टर यांच्या नोकरीवर लग्नाचा काहीही परिणाम झाला नाही. एकाच विभागात, एकाच सूर्यावर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाचा पगार आणि हुद्दा चालू राहिला, दुसरीचा थांबला.

दुसरे दार त्याआधीच बंद झाले होते. १८९२ मध्ये रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सदस्यत्वासाठी ॲनी यांच्यासह तीन महिलांची नावे सुचवली गेली. पुरेशी मते न मिळाल्याने तिघींनाही प्रवेश नाकारला गेला.

हौशींची संघटना कशी उपयोगी पडली?

इथे ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनचे महत्त्व समजून घ्यावे लागते. १८९० मध्ये स्थापन झालेली ही हौशी आकाशनिरीक्षकांची संघटना. तिच्या स्थापनेत वॉल्टर मॉन्डर यांचा मोठा वाटा होता. मोठ्या संस्थांमध्ये ज्यांना जागा नव्हती त्यांच्यासाठी ती होती आणि पहिल्या दिवसापासून महिलांनाही खुली होती. १८९४ मध्ये ॲनी या संघटनेच्या नियतकालिकाच्या संपादक झाल्या. ही जबाबदारी त्यांनी पुढेही, १९१७ ते १९३० या काळात पुन्हा सांभाळली.

हौशी म्हणजे कच्चा किंवा वेळ घालवणारा, असा अर्थ इथे लागू होत नाही. ज्याला या कामाचा पगार मिळत नाही तो हौशी, एवढाच त्याचा अर्थ. नोकरी सुटल्यावर ॲनी याच अर्थाने हौशी झाल्या. काम तेच राहिले, फक्त वेधशाळेची उपकरणे हाताशी राहिली नाहीत.

संघटनेने ९ ऑगस्ट १८९६ च्या खग्रास ग्रहणासाठी नॉर्वेतील वादसो येथे मोहीम नेली. मॉन्डर दाम्पत्यही तिथे गेले. ऐन वेळी ढग आले आणि काहीच दिसले नाही. याच मोहिमेत जॉन एव्हरशेड आणि मेरी ऑर हे दोन हौशी निरीक्षक एकमेकांना भेटले. पुढे त्यांनी लग्न केले आणि दोघांनीही भारतात मोठे काम केले. एव्हरशेड यांचा संबंध वऱ्हाडाशीही येतो.

१८९८ चे ग्रहण महाराष्ट्रात कुठे दिसले?

नॉर्वेत निराशा झाल्यावर सर्वांचे लक्ष २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाकडे लागले. चंद्राची सावली अरबी समुद्रावरून कोकणात येऊन ईशान्येकडे तिरकी सरकणार होती. जानेवारीत आपल्याकडचे आकाश कोरडे आणि स्वच्छ असते. शिवाय ग्रहणाच्या पट्ट्यापर्यंत रेल्वे पोहोचली होती, त्यामुळे जड उपकरणांच्या पेट्या नेणे शक्य होते. मुंबई-पुण्यात तेव्हा प्लेगची साथ होती, आदल्याच वर्षी दुष्काळाने देश होरपळला होता. तरीही जगभरातून निरीक्षक आले.

प्रमुख ठाणी अशी होती :

• विजयदुर्ग : सर नॉर्मन लॉकियर यांची तुकडी.

• जेऊर (आताचा सोलापूर जिल्हा) : अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला.

• तळणी (वऱ्हाड) : ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या हौशींची तुकडी. यातच मॉन्डर दाम्पत्य आणि जॉन एव्हरशेड.

• पुलगाव (वर्धा) : इंग्लंडमधून आलेली आणखी एक तुकडी.

• बक्सर (बिहार) : हौशींच्या संघटनेचीच दुसरी तुकडी.

ही तळणी बुलढाण्यातली का?

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना हा प्रश्न पडेल, कारण मोताळा तालुक्यातही तळणी नावाचे गाव आहे. मात्र ग्रहणाची तळणी ती नव्हे. सावलीचा पट्टा जेऊरकडून पुलगावच्या दिशेने तिरका गेला. मोताळा परिसर त्या पट्ट्याच्या बराच उत्तरेला राहतो, तिथे ग्रहण खंडग्रासच होते. हौशींचे ठाणे होते ते धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधले, आताच्या अमरावती जिल्ह्यातील तळणी रेल्वे स्थानक.

बुलढाण्याचा संबंध वेगळा आहे. त्या काळी बुलढाणा आणि अमरावती हे दोन्ही एकाच वऱ्हाड प्रांताचे जिल्हे होते. मुंबईहून भुसावळमार्गे नागपूरकडे जाणारा जीआयपी रेल्वेचा रस्ता मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव या स्थानकांवरूनच तळणीला पोहोचतो. आजही त्या मार्गाने जाणाऱ्या गाड्या हाच रस्ता धरतात.

दोन मिनिटांत काय करायचे होते?

चंद्र सूर्यापेक्षा व्यासाने सुमारे ४०० पट लहान आहे, आणि आपल्यापासून सूर्याच्या तुलनेत सुमारे ४०० पट जवळ. त्यामुळे दोघांच्या तबकड्या आकाशात जवळपास सारख्या दिसतात. चंद्राने सूर्याची तबकडी पूर्ण झाकली, की एरवी तेजात लपलेले बाहेरचे वातावरण दिसू लागते. हेच प्रभामंडळ, म्हणजे कोरोना. त्याचा प्रकाश सूर्याच्या तबकडीच्या सुमारे दहा लाखांश, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चंद्राइतका असतो. त्या काळी ते पाहण्याचा ग्रहणाशिवाय व्यवहार्य मार्ग नव्हता. तळणीत त्यासाठी सुमारे दोन मिनिटे मिळणार होती.

अशा मोहिमांची एक शिस्त ठरलेली असे. प्रत्येकाला एकच काम. एक जण मोठ्याने सेकंद मोजणार, दुसरा कॅमेऱ्याचे झाकण काढणार आणि लावणार, तिसरा काचेच्या प्लेट बदलणार. आधीचे कित्येक दिवस याच हालचालींची तालीम चाले, कारण हात चुकला तर पुढचे ग्रहण दोन-तीन वर्षांनी आणि हजारो मैलांवर. वर पाहायलाही अनेकांना सवड मिळत नसे.

ॲनी यांचा कॅमेरा खास या कामासाठी जुळवलेला होता. १८९७ मध्ये गर्टन कॉलेजने त्यांना संशोधनासाठी फायफर शिष्यवृत्ती दिली. आकाशगंगेची छायाचित्रे घेणे हा मूळ उद्देश. त्या पैशातून त्यांनी दीड इंच व्यासाचे आणि ९ इंच नाभीय अंतराचे भिंग असलेला कॅमेरा तयार करून घेतला. तोच त्यांनी तळणीला आणला.

छोटा कॅमेरा सरस कसा ठरला?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा किती मोठी पडणार, हे नाभीय अंतरावर ठरते. जेऊरला लिक वेधशाळेचा ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. त्यात सूर्याची प्रतिमा सुमारे ११ सेंटिमीटर पडते. ॲनी यांच्या ९ इंची कॅमेऱ्यात ती पडते जेमतेम २ मिलिमीटर.

पण मोठी प्रतिमा म्हणजे तोच प्रकाश जास्त जागेवर पसरलेला. विखुरलेला मंद प्रकाश प्लेटवर किती तेज उमटवेल, हे नाभीय अंतर भागिले भिंगाचा व्यास या गुणोत्तरावर ठरते. हे गुणोत्तर लहान, तर प्रतिमा तेजस्वी. ४० फुटी कॅमेऱ्याचे भिंग ५ इंचांचे, म्हणजे गुणोत्तर ९६. ॲनी यांच्या कॅमेऱ्याचे ६. तेज गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे प्लेटच्या तितक्याच जागेवर ॲनी यांच्या कॅमेऱ्यात सुमारे अडीचशे पट जास्त तेज पडत होते.

लांब कॅमेरा सूर्याच्या कडेजवळचा बारकावा टिपण्यासाठी उत्तम होता. प्रभामंडळाचा सर्वात मंद, सर्वात बाहेरचा भाग टिपायला मात्र छोटा आणि रुंद नजरेचा कॅमेराच हवा होता. आकाशगंगेचा मंद प्रकाश टिपण्यासाठी घेतलेले भिंग इथे नेमके कामी आले.

त्या दिवशी आकाश निरभ्र राहिले. ॲनी यांच्या प्लेटवर प्रभामंडळातून निघालेला एक बारीक, सरळ किरण उमटला. प्लेटवर तो जेमतेम सव्वा सेंटिमीटरचा. प्रत्यक्षात त्याची लांबी सूर्याच्या व्यासाच्या सुमारे ६ पट, म्हणजे ८० लाख किलोमीटरहून अधिक. तोपर्यंत छायाचित्रात इतका लांब किरण कोणी टिपलेला नव्हता.

तळणीतच जॉन एव्हरशेड यांनी ग्रहणाच्या कडेच्या क्षणी सूर्याच्या वर्णमंडळाचा वर्णपट टिपला. तेही तेव्हा हौशीच होते. पुढे १९०७ मध्ये ते तमिळनाडूतील कोडाईकॅनाल वेधशाळेत आले आणि नंतर तिचे संचालक झाले. हौशींच्या संघटनेने या मोहिमेचा सविस्तर अहवाल १८९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला.

त्या छायाचित्राचे महत्त्व काय?

सूर्यावर उलथापालथ झाली, की काही वेळा पृथ्वीवरील होकायंत्राच्या सुया थरथरतात, हे तेव्हा माहीत होते. याला चुंबकीय वादळ म्हणतात. पण १५ कोटी किलोमीटर अंतरावरून सूर्याचा परिणाम पोहोचतो कसा, हे गूढ होते. सूर्याचे तेज जसे सर्व दिशांना पसरते तसाच हा परिणामही सर्वत्र पसरत असावा, असे धरले तर हिशेब जुळत नव्हता.

१९०४ मध्ये वॉल्टर मॉन्डर यांनी दाखवले, की अशी वादळे अनेकदा सुमारे २७ दिवसांनी परत येतात. पृथ्वीवरून पाहता सूर्याला स्वतःभोवती फिरायला साधारण तेवढेच दिवस लागतात. म्हणजे सूर्याच्या ठरावीक भागातून अरुंद झोताच्या रूपात काहीतरी बाहेर पडत असले पाहिजे. बागेत फिरणाऱ्या फवाऱ्यासारखे, झोत आपल्या दिशेने आला तरच आपण भिजतो. वऱ्हाडात टिपलेला तो लांब, सरळ किरण या कल्पनेला पोषक होता.

सूर्यातून सतत कणांचा प्रवाह बाहेर पडतो, हे अवकाशयुगात सिद्ध झाले. १९५८ मध्ये युजीन पार्कर यांनी सौरवाऱ्याचा सिद्धांत मांडला आणि १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने तो प्रत्यक्ष मोजला. त्याच पार्कर यांच्या नावाचे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले. तळणीच्या प्लेटवरील किरण जितका दूर पोहोचला होता, त्याच्या आतली ही जागा.

‘फुलपाखरू आलेख’ कोणाचा?

मॉन्डर हे नाव सर्वाधिक गाजले ते एका आलेखामुळे. ग्रीनिचच्या १८७७ ते १९०२ या काळातील नोंदी घेऊन प्रत्येक सौरडाग सूर्याच्या कोणत्या अक्षांशावर होता, हे कागदावर मांडले गेले. चक्राच्या सुरुवातीला डाग विषुववृत्तापासून दूर उमटतात आणि हळूहळू त्याच्याकडे सरकतात. आलेखात दोन्ही गोलार्धांच्या रेषा मिळून फुलपाखराच्या पंखांसारखा आकार दिसतो. सूर्याच्या चुंबकीय चक्राचा अभ्यास आजही या आकारापासून सुरू होतो.

हा आलेख पती-पत्नीने एका आठवड्याच्या संध्याकाळी घरी बसून काढला. एकाने आकडे वाचायचे, दुसऱ्याने बारीक रेघा ओढायच्या. १९०४ मध्ये तो रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीपुढे आला तो वॉल्टर यांच्या नावाने. ॲनी तेव्हा सोसायटीच्या सदस्य होऊच शकत नव्हत्या. १६४५ ते १७१५ या काळात सूर्यावर डाग जवळपास नव्हते, त्या काळाला आज ‘मॉन्डर मिनिमम’ म्हणतात. हे नाव ऐकून एकाच व्यक्तीची आठवण व्हावी, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली.

वॉल्टर यांनी मात्र पत्नीचे श्रेय दडवले नाही. १९०८ मध्ये दोघांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत, हे पुस्तक जवळपास संपूर्ण पत्नीने लिहिले आहे, असे त्यांनी स्पष्ट नमूद केले. सौरडागांच्या पूर्व-पश्चिम विषमतेवरील १९०७ चा शोधनिबंध तर ॲनी यांनी एकट्यांच्या नावाने प्रसिद्ध केला.

पुढचे आयुष्य कसे गेले?

ग्रहणांचा पाठलाग सुरूच राहिला. १९०० मध्ये अल्जीयर्स, १९०१ मध्ये मॉरिशस, १९०५ मध्ये कॅनडातील लॅब्राडोर. लॅब्राडोरला पुन्हा ढगांनी घात केला. पहिल्या महायुद्धात ग्रीनिचचे पुरुष कर्मचारी आघाडीवर गेले, तेव्हा ॲनी यांना परत बोलावणे आले. १९१५ ते १९२० अशी पाच वर्षे त्यांनी त्याच सौर विभागात काम केले, पण स्वयंसेवक म्हणून, विनावेतन. याच काळात, १९१६ मध्ये, रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने महिलांसाठी दार उघडले आणि पहिल्या काही महिला सदस्यांत ॲनी यांची निवड झाली. पहिल्या नकारानंतर २४ वर्षांनी.

वॉल्टर यांचे १९२८ मध्ये निधन झाले. लग्न झालेल्या महिलांना सरकारी सेवेतून बाहेर काढणारा ब्रिटनमधील नियम १९४६ मध्ये रद्द झाला. त्याच्या पुढच्या वर्षी, १५ सप्टेंबर १९४७ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी ॲनी यांनी लंडनमध्ये अखेरचा श्वास घेतला.

आज त्यांची आठवण कशी ठेवली जाते?

चंद्रावरील मॉन्डर हे विवर पती-पत्नी दोघांच्या नावाने आहे. रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी २०१६ पासून विज्ञानप्रसारासाठी ॲनी मॉन्डर पदक देते. ज्या ग्रीनिचमध्ये त्यांना महिना ४ पौंडांवर काम करावे लागले, तिथल्या २०१८ मध्ये बसवलेल्या नव्या दुर्बिणीला त्यांचे नाव आहे. भारतात कोरोनाचा अभ्यास आता ग्रहणाची वाट पाहत नाही. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेल्या आदित्य-एल१ यानावरील कोरोनाग्राफ कृत्रिमरीत्या सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडळ पाहतो. तो बनवणाऱ्या बेंगळूरुच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडेच आज एव्हरशेड यांची कोडाईकॅनाल वेधशाळा आहे.

पुढचे ग्रहण कधी?

२ ऑगस्ट २०२७ रोजी दुपारनंतर महाराष्ट्रातून खंडग्रास ग्रहण दिसेल, अर्थात पावसाळी ढगांनी साथ दिली तर. भारताच्या भूमीवरून पुढचे खग्रास ग्रहण २० मार्च २०३४ रोजी उत्तरेला, कारगिलच्या परिसरातून दिसेल. खंडग्रास ग्रहण पाहताना पूर्ण वेळ प्रमाणित ग्रहण-चष्मा वापरावा. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच किंवा गॉगल चालत नाहीत. दुर्बीण किंवा कॅमेऱ्याच्या भिंगापुढे सौर फिल्टर लावल्याशिवाय सूर्याकडे रोखू नये. हातात दीड इंचाचे भिंग असले तरी आधी किती दिवस तालीम करायची, हे तळणीच्या हौशींनी दाखवून दिलेच आहे.